सोबतीचं औषध

१७ नोव्हेंबर, तेल्हारा

नवी जागा, नवी वही. सकाळी बडनेऱ्याला गाडीत बसलो, अकोल्याला उतरून स्टँडसमोर गरम कचोरी खाल्ली आणि अकोटमार्गे येणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंनी कपाशी पांढरीशुभ्र फुटलेली. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाला कोणी बोलावून नेतं, त्याच्यासाठी स्टँडवर मोटार उभी ठेवतं, म्हणजे त्याच्यात काहीतरी असणारच. हे मी फुशारकीने लिहीत नाही. जे आहे ते लिहितो.

खुशालरावांचं जिनिंग गावाबाहेर आहे आणि घर त्याच आवारात. घर नवं, फरशी चकचकीत. अंगणापलीकडे कापसाचे डोंगर, आणि दिवसभर मशिनींची घरघर. कापसातली सरकी एका बाजूला पडते, रुई दुसऱ्या बाजूला उडते. माझी खोली रागिणीच्या खोलीला लागून, मधे दार. मला हवी तशीच.

रागिणी खुशालरावांची एकुलती एक मुलगी, तिच्या औषधपाण्यासाठीच मला आणलं आहे. बावीस वर्षांची, लहानपणापासून मिरगी. औषध फेनोबार्बिटोन. नवे डॉक्टर या नावाला नाक मुरडतात, पण मी हे औषध अमरावतीला आधी दुकानाच्या काउंटरमागून आणि मग दवाखान्याच्या वॉर्डातून इतकी वर्षं पाहिलं आहे, की त्याचा स्वभाव मला घरच्या माणसासारखा माहीत. कॉलेजचा कागद माझ्याकडे नाही. खोक्यातली जी घडीची माहिती-चिठ्ठी लोक चुरगाळून फेकतात ती मी शब्दकोश घेऊन वाचली. तेच माझं कॉलेज.

घरात सुभद्राबाई, म्हणजे मालकीणबाई. मागच्या खोलीत खुशालरावांची मोठी बहीण माणिकबाई, तिला वाताचं जुनं दुखणं म्हणे. कायम पेंगत असते. मी नमस्कार केला तर बराच वेळ बघत राहिली आणि मग हसली.

खुशालराव माणूस मोकळा. जेवताना मी औषधाबद्दल जरा सविस्तर बोललो, तर बायकोला म्हणाले, घे बाप्पा, डॉक्टर आनाले गेलो अन् प्रोफेसर घेऊन आलो. सगळे हसले. मीही.

२१ नोव्हेंबर

घडी बसली. गोळी देण्याआधी मी रागिणीचा श्वास मोजतो, कारण हे औषध मेंदूला झोपवतं तसं श्वासालाही मंद करतं. डोळे जड आहेत का, जीभ अडखळते का, चाल तिरपी जाते का, हे बघतो. उठताना आधी कडेवर बसायचं, मग उभं राहायचं. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. पलंग भिंतीपासून लांब. सुभद्राबाईंना हे सगळं समजावून सांगितलं. बाई सातवी शिकलेल्या, पण डोक्याने तल्लख. एकदा सांगितलं की पाठ.

त्यांनी विचारलं, गोळी एकदम बंद केली तं काय होते जी? मी म्हटलं, तेवढं मात्र कधी करू नका. या औषधाची अंगाला सवय लागते. बंद करायचं तर पायरी पायरीने उतरायचं. एकदम तोडलं तर झटक्यामागून झटका येतो आणि माणूस त्यातच जातो. त्यांनी पुन्हा विचारलं, ज्याले मिरगी कधी नव्हतीच, त्याले बी येते काय? मी म्हटलं, महिना दोन महिने भरपूर पोटात गेलं आणि एकदम थांबवलं तर त्यालाही येते. असा प्रश्न मला वॉर्डातल्या नर्सनेही कधी विचारला नव्हता. मला फार बरं वाटलं.

या घरची एक रीत लिहून ठेवतो. रागिणी गोळी घेते तेव्हा सुभद्राबाई मला मेथीचा लाडू देतात, आणि मी तो तोंडात टाकल्याशिवाय रागिणी गोळीला हात लावत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. आमच्या घरी आजारी मानूस एकटं औषध खात नाही, असं सुभद्राबाई म्हणाल्या. त्याच्या सोबतीले कोनीतरी कडू खाते. मला ही रीत आवडली. लाडू चांगलाच कडू आहे, पण थंडीत मेथी अंगाला मानवते.

२८ नोव्हेंबर

आज रागिणीला झटका आला. तिला आधी कळतं. आधी सरकी जळल्याचा वास येतो, मग डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागतो. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून ती वास म्हणताच मी तिला जमिनीवर घेतलं. डाव्या कुशीवर, डोक्याखाली दुमडलेली चादर, तोंडात काही नाही. बाहेर मशिनी चालू होत्या, पण जळण्याचा वास मला किंवा दुसऱ्या कोणाला आला नाही. तो तिचा एकटीचा.

खुशालराव चप्पल घेऊन धावत आले, हुंगवायला. मागून कोणीतरी कांदा फोडून आणला. मी चप्पल हातातून घेतली आणि सरळ अंगणात फेकली. मालकाची चप्पल! पण ते पोरीजवळ खाली बसले. झटका उतरल्यावर सुभद्राबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, मानूस बरोबर भेटला.

१५ डिसेंबर

अकोल्याच्या डॉक्टरांकडे रागिणीला दाखवून आणलं. मी गाडीत मागे बसलो होतो, जाताना झोपच लागली. तो एक झटका सोडला तर वर्षभर ठीक आहे, नवी गोळी जोडली आहे, तेव्हा जुनी हळूहळू कमी करून बघू, असं डॉक्टर म्हणाले. पायरी पायरीने. म्हणजे मी सांगत होतो तेच.

परतताना खुशालरावांनी खरी गोष्ट सांगितली. मोर्शीकडच्या संत्रेवाल्यांचं स्थळ आहे, घर चांगलं, मुलगा शिवम शिकलेला. फेब्रुवारीत साखरपुडा. तिकडे मिरगीचं काही सांगितलेलं नाही. त्याच्या आत पोरीच्या अंगातून हे गेलं पाहिजे, कसंही करून. ते म्हणाले, बाकी तुमच्या भरवशावर. मी शब्द दिला.

मला इथली हवा जरा जड जाते. रुईचा धुरळा नाकातोंडात जातो, दुपारी डोळे मिटतात. शिवाय लाडू हल्ली जास्तच कडू लागतो. सुभद्राबाईंचा हात मेथीवर सुटलेला दिसतो.

२ जानेवारी

रागिणीची गोळी आणखी एक पायरी खाली. पोरगी खुलली आहे. गुणगुणते, आरशासमोर उभी राहते. हे यश माझं आहे असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या कोणाचं आहे?

मला दंडावर बारीक पुरळ उठलं. धुरळ्याचंच. आज पायरीवरून उतरताना झोकांडी गेली. खुशालरावांनी दंडाला धरून बसवलं आणि हसत म्हणाले, प्रोफेसर, आधी कडेवर बसा, मंग उभे राहा.

संध्याकाळी बहिणीला, बेबीला, फोन केला. थोडं बोललो असेन तोच तिने मधेच थांबवलं. मग म्हणाली, दादा, तू पिऊन राहिला काय? तिचा नवरा दारूने गेला. मी आयुष्यात थेंब घेतला नाही. मी ते तिला सांगत होतो, पण जीभ जाड झाल्यासारखी अडखळत होती आणि जितकं जास्त सांगावं तितकं ते तसंच वाटत होतं. तूही त्यातलाच निघाला, म्हणाली. फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळासोबतही लाडू आलाच.

दुपारी खुर्चीत डोळा लागला. उघडला तेव्हा रागिणी समोर बसलेली. माझं मनगटी घड्याळ तिच्या हातात, आणि नजर माझ्या छातीवर. ओठ हलत होते. ती माझा श्वास मोजत होती. मीच शिकवलं आहे तिला, छाती वर गेली की एक.

किती, असं मी विचारलं. तिने घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं. हळू घेऊन राहिले श्वास तुमी, काका, एवढंच म्हणाली आणि गेली.

मग मी स्वतः मोजायला बसलो. तीनदा सुरू केलं. तिन्ही वेळा मधेच विसरलो.

२३ जानेवारी

आज घरचे सगळे मोर्शीला गेले, पाहुण्यांकडे. मला माणिकबाईजवळ बसवून गेले. ती भिंतीला टेकून होती. मी विचारलं, आत्याबाई, वाताचा त्रास कधीपासून? ती म्हणाली, वात कायचा जी. मले मिरगी आहे.

मी विचारलं, लहानपणापासून? ती म्हणाली, नाई. चाळिशी उलटेपर्यंत मले काईच नव्हतं. मी विहिरीवर पोहणारी बाई होती. मंग भावाने म्हटलं, पोरीच्या सोबतीले बस. मले न सांगता दुधातून औषध देत होते, मंग मले समजलं, तवा लय उशीर झाला होता.

तिचं बोलणं संथ, एकेक शब्द शोधून येणारं. पण सगळं सरळ सांगितलं. मिरगी एकट्याले धरते. दोघं सारखेच गुंगले असले का तिले उमगत नाही कोनाच्या अंगात शिरावं. पोरीचं औषध पायरी पायरीने उतरवलं तं तिले चाहूल लागत नाही. अन् दुसऱ्याचं एकदम तोडलं का त्याचं दार उघडं पडते. ती तिकडे जाते. माह्यात आली होती, पन मी रक्ताची. दोन वर्षांनी वाट वळखून अर्धी परत पोरीत गेली. म्हनून या टायमाले परका मानूस पाहिजे होता.

मी म्हटलं, असं काही नसतं. मिरगी म्हणजे मेंदूतली वीज. ती एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जात नाही.

ती हसली. पहिल्या दिवशी हसली होती तशीच. विचारलं, सरकी जळल्याचा वास मले येते. पोरीलेही तोच येते. हे तुमच्या पुस्तकात लिहेल आहे काय?

मी खिशातली माहिती-चिठ्ठी उघडून बघितली. तीत नव्हतं.

तिने आणखी एक सांगितलं. लाडू गोड लागाले लागला का समजा, तोडलं.

२४ जानेवारी

पुरळ. तिरपी चाल. जाड जीभ. विसरणं. मंद श्वास.

हे सगळं मी रागिणीत रोज शोधत होतो, आणि सापडत नाही म्हणून खूश होत होतो. पेशंटच्या खोलीत दोन माणसं होती. मी एकच तपासला.

लाडू तोंडातून थुंकून द्यावा असं वाटलं, आणि तो घशाशी आला असताना मीच गिळला. आज थांबलो तर काय होईल ते मला ठाऊक आहे. या घरात ते मीच शिकवलं आहे. सुटका एकाच वाटेने आहे. थोडं थोडं कमी करत. पण त्यासाठी किती पोटात जातंय ते कळायला हवं, आणि ते फक्त सुभद्राबाईंना माहीत आहे.

अर्धा खाऊन अर्धा खिशात लपवायचं ठरवलं. सुभद्राबाई समोर बसून राहिल्या. म्हणाल्या, पुरा खा जी. अर्धं औषध वाईट, तुमीच सांगितलं.

३० जानेवारी

पळालो. लिहितो कसं ते.

सकाळी मोटार अकोल्याला गेली तेव्हा फाटकातून निघालो. स्टँडपर्यंतचा रस्ता सरळ आहे, मला तो सरळ जाईना. स्टँडसमोरच्या साजिदभाईच्या मेडिकलच्या ओट्यावर बसलो. रागिणीच्या गोळ्या मी त्याच्याकडूनच आणतो, माणूस भला. पाणी दिलं. मी त्याला सगळं सांगितलं. लाडू, माणिकबाई, सगळं. पाया पडतो म्हटलं, मला गोळ्या दे, उतरत्या क्रमाने, आणि अकोल्याच्या गाडीत बसव.

तो ऐकत होता. मान हलवत होता. ती मान मला ओळखू आली. वॉर्डात मी स्वतः अशीच हलवायचो, भ्रम झालेल्या पेशंटसमोर.

तो म्हणाला, गोपालभाऊ, घबराओ मत. मालकने बताया है. तुमाले बी लहानपनापासून मिरगी आहे, अन् गोळी चुकली का तुमी असं बोलता. तुमच्या गोळ्या ते अकोल्याहून वेगळ्या आनतात नं. मग त्याने फोन लावला. मी समोर असताना. प्रेमाने. मालक, तुमचे कंपाउंडर इथे बसले आहेत, हळू न्या.

स्टँडवरची माणसं जमली. मी ओरडलो की मला मिरगी नाही. जीभ वळेना. गर्दीत कोणीतरी चप्पल काढून हातात घेतली, तयार ठेवली.

बेबीला फोन कर, असं साजिदभाईला म्हणायचं राहिलं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये, आणि मला न्यायला अर्ध्या वाटेतून परतलेल्या मोटारीत मालकांनी तो खिशातून काढून घेतला. चार्जिंगला लावतो म्हणे.

५ फेब्रुवारी

कोणी रागवत नाही. हे सगळ्यांत वाईट. ऊन पाणी, मऊ भात, उशीला नवा अभ्रा. सुभद्राबाई माझी चादर भिंतीपासून लांब ओढतात. न्हाणीला कडी नाही आता. रागिणीच्या गोळ्यांचा डबाही त्यांच्याच कपाटात, कुलपात.

खुशालरावांना विचारलं, मी तुमचं काय वाकडं केलं. ते शेजारी बसले. म्हणाले, काहीच नाई जी. म्हनूनच तं. वाईट मानूस असता तं मनाले लागलं नसतं. जनमभर सांभाळू तुमाले, माणिकेले सांभाळतो तसं. एकच पोरगी आहे माही.

मग माझे पाय चेपू लागले. मी पाय ओढून घेऊ शकलो नाही.

आज लाडू यायला उशीर झाला. मी हाक मारली. दोनदा. मीच.

१६ फेब्रुवारी

साखरपुडा. अंगणात मांडव. जिनिंग बंद, कापूस संपला. मशिनी थांबल्या तर कान दुखायला लागले.

रागिणीची जुनी गोळी पूर्ण सुटली. खिडकीतून दिसली. हिरवी साडी, ताठ मान. चाल सरळ. माझं काम. सुरेख काम केलं आहे मी.

सकाळचा लाडू मऊ होता. गूळ, तूप, खसखस. गोड.

मेथीचा कुठे आहे, असं सुभद्राबाईंना विचारलं. म्हणाल्या, ते संपले जी. थंडी गेली नं आता.

हात जोडले. पाया पडलो. अर्धा तरी द्या. पाव. पायरीने उतरवा. मले उतरवा. त्या रडत होत्या. पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि नाई नाई अशी मान हलवत होत्या.

१७ फेब्रुवारी

काही झालं नाही. डोकं स्वच्छ. कित्येक दिवसांनी अक्षर ओळीत आलं. यालाच फसतात लोक — हे औषध अंगातून सावकाश उतरतं. पहिल्या दिवशी माणूस म्हणतो, बघा, काही नाही.

मागच्या दाराला कुलूप आहे. पुढच्या दारी पाहुणे. पाहुण्यांना सांगितलं आहे, मिरगीचा पेशंट, जवळ जाऊ नका.

१९ फेब्रुवारी

झोप नाही. हात थरथर. घाम. पंख्याचा आवाज अंगावर येतो —

रागिणी आली. दाराशीच थांबली. काका, माह्यासाठी — म्हणाली. मी म्हटलं, पोरी, एक गोळी. तुझ्या डब्यातली जुनी, उरली असेल. ती म्हणाली, आईने सगळ्या विहिरीत टाकल्या.

खोटं असेल. खरं असेल. ती सासरी जाणार आहे.

मी तिला म्हटलं, मग ऐक. लिहून देतो. निदान ते तरी करा. लिहून ठेवतो इथे —

जमिनीवर घ्या. पलंगावर नको.
डाव्या कुशीवर.
तोंडात चमचा बोट काही घालायचं नाही.
हातपाय दाबून धरायचे नाहीत.
चप्पल नको. कांदा नको.
झटका थांबला नाही तर दवाखाना — वाट पाहू नका — अकोला —

ती वाचत होती. सगळं पाठ आहे तिला. मीच शिकवलं.

२० फेब्रुवारी

माणिकबाईने आपली गादी माझ्या शेजारी आणून टाकली. सोबत म्हणे. हात धरून बसली आहे. तिचा हात गरम.

उशाशी चप्पल. कोणी ठेवली. कांदाही — फोडलेला —

मी म्हटलं ना नको म्हणून

मेंदूतली वीज. एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या — जात नाही. औषध तुटलं म्हणून येते. तेवढंच. पुस्तकात आहे. मी वाचलं आहे. पुस्तक

बाहेर मांडव सोडून राहिले. रागिणी हसली कोनाशी तरी. मोकळं हसू.

माणिकबाई, जिनिंग बंद आहे नं? व्हय म्हणते. आठवडा झाला म्हणते. सरकी सगळी गेली गाडीत. आवारात एक दाना नाई म्हणते.

मंग जळून काय राहिलं

मले वास येऊन राहिला

ती हात घट्ट धरते. डावा. अंगठा बघते. मी बघत नाही. मी लिहितो आहे, उजव्या हाताने, मी बघणार ना